ना हरकत लिहिण्याआधी

प्रति,
ज्यांच्या गावात पवनचक्कीचा किंवा सोलरचा माणूस एकदा तरी चहा पिऊन गेला आहे अशा सर्व सरपंच भगिनी-बंधूंना, ग्रामपंचायत सदस्यांना आणि ग्रामसभेला येणाऱ्या व न येणाऱ्या मतदारांना

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त ग्रामसेवक. नोकरीची पहिली बरीच वर्षं सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात काढली, शेवटची दुष्काळी तालुक्यात. नाव खाली लिहीत नाही. हे पत्र एका गावाबद्दल, एका कंपनीबद्दल किंवा एका साहेबाबद्दल नाही. दुसरं कारण असं की यातली पहिली चूक माझीच आहे.

साल २००० च्या आसपासची गोष्ट. पठारावर पंखे येणार असं वर्षभर ऐकत होतो. तिकडं वनकुसवडे, चाळकेवाडी भागात एकामागून एक मनोरे उभे राहत होतेच. एक दिवस आमच्याकडंही जीप आली. उतरलेला माणूस मराठी, बोलायला गोड. माझ्यासमोरच्या खुर्चीवर न बसता सरपंचांच्या शेजारी बाकड्यावर जाऊन बसला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ग्रामसभा लावली. भातलावणीचे दिवस, कोरम कुठून होणार? सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही हे तुम्हाला माहीत असेल. एजंटला ते आपल्या आधी माहीत असतं. पुढच्या सभेला तेवीस माणसं होती. ठराव मी लिहिला, माझ्याच अक्षरात, दीड ओळीचा: अमुक सर्व्हे नंबरमध्ये पवनचक्की उभारणीस ग्रामपंचायतीची कोणतीही हरकत नाही. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

बदल्यात मंदिराच्या सभामंडपाला ५१ हजार, शाळेला दोन लोखंडी कपाटं आणि कार्यालयाला भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ अजून चालतं म्हणे.

आता त्या ५१ हजारांचा हिशोब मांडतो, कारण तेव्हा तो कुणीच मांडला नाही. त्या काळी पठारावर लागलेले पंखे बहुतेक ३५० किलोवॅटच्या आसपासचे. असा एक पंखा वर्षातल्या तासांपैकी पाचव्या हिश्शाइतका पूर्ण ताकदीनं फिरला असं धरलं, तर वर्षाला ६ लाख युनिट होतात. वीस वर्षांत सव्वा कोटीच्या जवळ. गावाला युनिटमागं फक्त ५ पैसे मिळाले असते तर एका पंख्याचे वीस वर्षांत ६ लाख झाले असते. आमच्या हद्दीत एकच पंखा नव्हता. घड्याळ सोडून देऊ.

मग पंख्यांचे मालक कोण? हा प्रश्न आम्ही विचारला तोही उशिराच. यंत्र बसवणारी कंपनी एक, जमीन घेणारी दुसरी, आणि मालक भलतेच. त्या वेळी पवनचक्कीच्या किमतीवर आयकरात मोठा घसारा मिळायचा, म्हणजे किमतीचा तेवढा भाग नफ्यातून वजा करता यायचा, आधी पहिल्याच वर्षी शंभर टक्के आणि नंतर ऐंशी. ज्याच्या नफ्यावर कर बसत होता त्याला पंखा हवा होता. कापडवाले, औषधवाले, अगदी सिनेमातली माणसंसुद्धा पवनचक्कीची मालक झाली. वाऱ्याची वीज हा त्यांच्या लेखी जोडधंदा.

पुढं पंचायतीनं कर लावायचं ठरवलं. नमुना ८ ला, म्हणजे कर आकारणीच्या वहीत, पंखे चढवले, नमुना ९ ला मागणी दाखवली, नोटिसा काढल्या. काही पाकिटं परत आली, वर शेरा: पत्त्यावर राहत नाहीत. ज्यांना मिळाल्या ते अपिलात गेले. वाद असा की पंखा ही इमारत का यंत्र? इमारत असेल तर कर, यंत्र असेल तर नाही. मोबाइल टॉवरबाबत हाच वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि कर लावण्यापुरता टॉवर इमारतच धरायचा असा निकाल २०१६ च्या डिसेंबरात लागला. तोवर माझ्या तीन बदल्या झाल्या होत्या. दरम्यान ती थकबाकी दर ३१ मार्चला पुढच्या वहीत ओढली जायची, गावाच्या वसुलीची टक्केवारी त्यामुळं घसरायची, आणि टक्केवारी घसरली म्हणून कारणे दाखवा नोटीस कुणाला? मला. पंख्याच्या मालकांच्या काही नोटिसा पोचल्याच नाहीत, ग्रामसेवकाला मात्र सगळ्या पोचल्या.

हे जुनं उकरून काढण्याचं कारण म्हणजे तीच जीप आता तुमच्या गावात आली आहे. फक्त ती बोलेरो झाली आहे.

एका बाजूला जुन्या पंख्यांचं आयुष्य संपत आलं. वीस-पंचवीस वर्षं झाली. लहान पंखे काढून त्याच जागी मोठे बसवायचं धोरण केंद्रानं आधी २०१६ ला आणि मग २०२३ च्या डिसेंबरात नव्यानं आणलं. म्हणजे सातारा-सांगलीच्या पठारांवर करार पुन्हा होणार, रस्ते पुन्हा रुंद होणार, पाती वाहणारे लांबलचक ट्रेलर पुन्हा जिल्हा परिषदेच्या रस्त्यांवरून जाणार. ज्यांनी पहिल्या वेळी दीड ओळीत उरकलं त्यांना ही दुसरी संधी आहे. दुसऱ्या बाजूला बीड, धाराशिव, जत, कवठेमहांकाळ, माण या पट्ट्यात नवीन कंपन्या जमिनी घेत फिरताहेत. आणि तिसरी गोष्ट तर प्रत्येक उपकेंद्राजवळच्या गावाला लागू आहे: शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा. मे २०२३ पासून गायरानं आणि पडीक सरकारी जमिनी सोलरसाठी शोधल्या जाताहेत.

सोलर नको असं मी म्हणत नाही. जन्म-मृत्यूची नोंद ग्रामसेवकाकडं असते. रात्री दोन वाजता लाइट आली म्हणून मोटार चालू करायला गेलेला आणि बांधावर साप चावलेला माणूस मी मृत्यूच्या नोंदवहीत माझ्या हातानं लिहिला आहे, एकदा नाही. दिवसा वीज मिळणं ही काय गोष्ट आहे हे मला कुणी सांगायला नको. पठारावरही पंखे यायच्या आधी बैलगाडीची वाट होती. रस्ता पंख्यांसाठी झाला, पण बाळंतिणीला घेऊन जाणारी गाडीही त्यावरूनच गेली. हे सगळं जमेला धरून मी बोलतोय.

जमेच्या बाजूला कुणाचं नाव आहे, एवढंच विचारायचं आहे.

सौर कृषी वाहिनीतले आकडे बघा. शेतकऱ्यानं खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख भाडं, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. चांगली गोष्ट आहे; कुसळं उगवणाऱ्या माळाला एवढं भाडं आमच्या हयातीत कुणी दिलं नव्हतं. आता ५ मेगावॅटचा प्रकल्प धरा. साधारण वीस एकर, म्हणजे ८ हेक्टर. ही जमीन कुणा शेतकऱ्यांची असती तर त्यांना पहिल्या वर्षी १० लाख आणि पंचवीस वर्षांत ३ कोटींच्या वर मिळाले असते. तीच जमीन गायरान असेल तर ती नाममात्र भाड्यानं जाते आणि ग्रामपंचायतीला मिळतात वर्षाला ५ लाख, तेही तीन वर्षं. एकूण १५ लाख. पॅनेल पंचवीस वर्षं राहणार. चौथ्या वर्षापासूनची बावीस वर्षं गाव काय करणार? पॅनेलकडं बघत बसणार.

म्हणजे जमीन एकाची असली की तिला भाव आहे, सगळ्यांची असली की ती फुकटच्या जवळ. हे कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. फाइल मंत्रालयात फिरली तेव्हा गायरानाच्या बाजूनं बोलायला तिथं कुणी नव्हतं, एवढंच.

गायरानाबद्दल जरा थांबून बोलतो. गावात ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्याकडं एजंट जातो, दहा वेळा जातो, चुलतभावांची भांडणं मिटवून देतो, फेरफारासाठी तलाठ्याकडं हेलपाटे घालतो. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याच्या दारात तो जात नाही. आणि गायरान वापरतं कोण? ज्याच्या नावावर काही नाही तोच. चार शेरडांवर संसार चालवणारी विधवा बाई. पावसाळा संपला की मेंढरं घेऊन उतरणारा धनगर, जो तर तुमच्या मतदारयादीतही नाही. गोवऱ्या, सरपण, घायपाताचे दोर, मयतीची जागा, पाझर तलावाकडं जाणारी गुरांची वाट, हे सगळं गायरानात असतं आणि कुठल्याच नमुन्यात नसतं. मी छत्तीस वर्षं नमुने भरले, त्यात गायरानावर कोण जगतं असा रकाना मला भेटला नाही. २०११ च्या जानेवारीत जगपाल सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं गावच्या सामाईक जमिनी वाचवा म्हणून सर्व राज्यांना बजावलं. त्यानंतर महसूलवाल्यांनी आमच्याकडून अतिक्रमणांच्या याद्या मागवल्या. घरकुलाच्या आशेनं झोपडी टाकलेल्या माणसाचं नाव यादीत आलं. आता कुंपण पडेल तेव्हा त्या शेरडंवाल्या बाईचं नाव कुठल्या यादीत येणार?

पाण्याचंही विचारा. पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून ती धुवावी लागतात. उन्हाळ्यात ज्या गावाला टँकर सुरू होतो तिथं धुवायचं पाणी कुठून येणार, विहिरीतून का बोअर मारून, हे ठरावात लिहून घ्यायला एक ओळ लागते. मी तरी ती ओळ कुठल्या ठरावात वाचलेली नाही.

कोळशाचा प्रकल्प आला तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणं जनसुनावणी घ्यावी लागते. मांडव पडतो, जिल्ह्याचे अधिकारी बसतात, माणसं माइकवर ओरडतात, आणि ते ओरडणं निदान कागदावर येतं. पवनचक्की आणि सोलर त्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लेखी दोघंही पांढऱ्या गटात, म्हणजे निरुपद्रवी. धुराच्या बाबतीत ते खरंच आहे. पण गावकऱ्यांनी बोलायची जी एकमेव जागा होती, ती धूर नाही म्हणून गेली. जमीन सरकार संपादित करत नाही, थेट खरेदी होते किंवा भाडेपट्ट्यावर जाते, त्यामुळं २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यासही नाही. उरली ती तुमची ग्रामसभा. आणि ती तहकूब.

तारांचं वेगळंच. मनोऱ्यापासून उपकेंद्रापर्यंत लाइन जाते ती ज्यांना एक रुपया भाडं नाही अशांच्या रानावरून. तुम्ही नाही म्हणालात तर तार कायद्याचे, म्हणजे १८८५ च्या इंग्रजांच्या कायद्याचे अधिकार वीज कायद्याच्या कलम १६४ मधून वापरले जातात आणि पोलीस बंदोबस्तात खड्डा खणला जातो. केंद्राच्या जून २०२४ च्या सूचनांत मोठ्या लाइनसाठी मनोऱ्याच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या दुप्पट आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला सांगितला आहे. हे आकडे चावडीवर फळ्यावर लिहून ठेवा. शेतकऱ्याला ते माहीत नसतील तर त्याला दिवाळीच्या बोनससारखं काहीतरी हातात ठेवून मोकळं केलं जातं.

आता जी गोष्ट लिहिताना हात थांबतो ती. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण झालं आणि त्यांचा खून झाला. एका पवन ऊर्जा कंपनीकडं मागितलेल्या २ कोटींच्या खंडणीशी हा खून जोडलेला आहे असं तपास यंत्रणेनं आरोपपत्रात मांडलं. तीन दिवस आधी प्रकल्पाच्या आवारात सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, तेव्हा सरपंच मध्ये पडले होते. खटल्याचा निकाल कोर्ट देईल. मला त्यातलं राजकारण उगाळायचं नाही. ते राज्यभर उगाळून झालं. मी त्याच्याकडं ग्रामसेवकाच्या नजरेनं बघतो. प्रकल्प शेकडो कोटींचा. गावाला त्यातून किती, कधी आणि कोणत्या पावतीवर मिळणार हे कुठंच लिहिलेलं नाही. मग पैसा ज्या वाटा आधीच तयार असतात त्यांनी जातो: मुरमाचं कंत्राट, गाड्या लावणं, वॉचमनची भरती, कुणाच्या तरी कार्यक्रमाची वर्गणी, आणि शेवटी खंडणी. एका सरपंचानं त्या वाटेत उभं राहायचं ठरवलं तेव्हा त्याच्या मागं कुठलाही कागद नव्हता. ना करार, ना नियम, ना हक्काची रक्कम. तो एकटा उभा होता.

आपल्यातलंही थोडं बोलू. पंचायतीच्या कामात सदस्याचा हितसंबंध असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली त्याचं सदस्यत्व जातं. पण कंपनीच्या मुरमाच्या कामात सरपंचाच्या मेहुण्याचा डंपर असेल तर कायदा काही म्हणत नाही. म्हणूनच हरकत नसते. आणि निम्म्या गावांत सरपंच बाई असतात, तिथं एजंट बाईंशी बोलतच नाही, त्यांच्या नवऱ्याशी बोलतो. भगिनींनो, सही तुमची आहे. कोर्टात समन्स आलं तर तेही तुमच्याच नावानं येईल, त्यांच्या नाही.

माझा भाचा जर्मनीत असतो. सुट्टीला आला तेव्हा त्यानं सांगितलं की तिथं २०२१ पासून पवनचक्कीची कंपनी अडीच किलोमीटरच्या आतल्या नगरपालिकांना युनिटमागं ०.२ सेंट देऊ शकते, म्हणजे आपल्याकडचे अठरा-वीस पैसे. सक्ती नाही, पण तशी कायद्यात तरतूद आहे, त्यामुळं देणारा लाच देतोय असं होत नाही आणि घेणाऱ्यालाही लपवायचं कारण राहत नाही. स्कॉटलंडमध्ये मेगावॅटमागं वर्षाला ५ हजार पौंड गावाला द्यावेत अशी सरकारची शिफारस आहे. मी भाच्याला म्हटलं, जर्मनी राहू दे, ते श्रीमंत लोक. मग लक्षात आलं की आपल्याच देशात ही पद्धत जुनी आहे. जलविद्युत प्रकल्प झाला तर ज्या राज्यात तो आहे त्याला १२ टक्के वीज फुकट मिळते, आणि २००८ च्या धोरणानं त्यावर आणखी १ टक्का स्थानिक विकासासाठी ठेवला. कोळसा किंवा लोह खनिज काढलं तर २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानला रॉयल्टीच्या प्रमाणात पैसे भरावे लागतात. चंद्रपूर, गडचिरोलीकरांना विचारा. म्हणजे जमिनीखालच्या काळ्या दगडाला स्थानिकांचा वाटा आहे आणि जमिनीवरच्या वाऱ्याला नाही. वारा कुणाचाच नसतो असं एका साहेबांनी मला ऐकवलं होतं. बरोबर आहे, पण पठार कुणाचं तरी असतं, आणि वारा पठारामुळंच तिथं असतो.

आपल्या भागाला हा अनुभव शंभर वर्षांचा आहे. १९२१ ला मुळशी पेट्यातले मावळे सेनापती बापटांच्या मागं जान किंवा जमीन म्हणत विजेसाठीच्या धरणाच्या कामावर बसले होते. ती वीजसुद्धा आजच्या भाषेत हरितच होती. मुंबईच्या गिरण्या चालल्या, मुळशीची गावं पाण्याखाली गेली. कोयनेचं तर सांगायलाच नको. १९६० च्या दशकात उठलेल्या गावांची तिसरी पिढी पुनर्वसनाच्या कागदासाठी अजून कलेक्टर कचेरीबाहेर मंडप घालते. त्याच पाटण तालुक्यानं आधी पाणी दिलं, मग वारा दिला, आता तारळीला पंप स्टोरेज, म्हणजे पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडून वीज करायचा प्रकल्प येतोय. एवढी वीज देणाऱ्या तालुक्यातल्या ग्रामपंचायती रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल थकलं म्हणून महावितरणच्या नोटिसा घेतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. युनिटमागं ५ पैसे. ५ मेगावॅटचा सोलर वर्षाला साधारण ८५ ते ९० लाख युनिट देतो, त्याचे सव्वाचार-साडेचार लाख होतात. पंचवीस वर्षांत एक कोटीच्या वर. ५० मेगावॅटचा पवन प्रकल्प वर्षाला १० कोटी युनिटच्या पुढं जातो, त्याचे ५० लाखांहून जास्त, आठ-दहा गावांत वाटून. सौर कृषी वाहिनीत वीज युनिटला ३ रुपयांच्या आसपास विकली जाते. म्हणजे गावाचा वाटा रुपयामागं दोन पैशांहूनही कमी. साहेब म्हणतील की हा बोजा शेवटी ग्राहकाच्या बिलावर येईल. येऊ द्या. खनिज प्रतिष्ठानचा पैसा कोळशाच्या किमतीत धरलेलाच आहे आणि तो आपण सगळे बिलातून भरतोच.

हा नियम करायचं काम शासनाचं, म्हणून खाली प्रत पाठवली आहे. पण शासनाची वाट बघत बसलात तर तोवर तुमचा ठराव होऊन जाईल. तेव्हा तुमच्या हातात काय आहे ते सांगतो.

खरं सांगायचं तर फार नाही. खासगी जमिनीची खरेदी तुम्ही रोखू शकत नाही. गायरानाचा शेवटचा शब्द जिल्हाधिकाऱ्यांचा. पण ग्रामपंचायतीच्या रस्त्यावरून ट्रेलर न्यायचा असेल, बांधकामाची नोंद हवी असेल, बँकेला कर्जासाठी ना हरकत दाखवायची असेल, तर त्यांना तुमचा कागद लागतो. लागत नसता तर बोलेरो आली नसती. म्हणून नाही म्हणू नका आणि दीड ओळीत होही म्हणू नका. ठराव सशर्त करा, दोन पानं लिहा. कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता लिहून घ्या. हे प्रकल्प बहुतेक वेळा त्या कामापुरत्याच काढलेल्या कंपनीच्या नावावर असतात आणि दोन-चार वर्षांत विकले जातात, म्हणून मालक बदलला तर तीस दिवसांत ग्रामपंचायतीला लेखी कळवायचं आणि नव्या मालकाला जुन्या अटी बंधनकारक, हे घाला. माझी पाकिटं परत आली ती या एका वाक्याअभावी. वार्षिक रक्कम मीटरच्या रीडिंगशी बांधा, ठोक आकड्याशी नको. पैसे ग्रामनिधीत, चेकनं, नमुना ७ च्या पावतीवर. मंदिराला द्यायचे असतील तर त्यांनी मंदिराला द्यावेत, पण तो गावाचा वाटा धरायचा नाही. कुणी सीएसआरचं, म्हणजे नफ्यातल्या दोन टक्क्यांतून कंपनीनं करायच्या समाजकार्याचं, नाव काढलं तर विचारा की या कंपनीला नफा कधी होणार. घसारा आणि व्याज वजा जाता पहिली कितीतरी वर्षं तो कागदावर दिसतच नाही, आणि नफा नाही तर दोन टक्के कशाचे?

वस्तीपासून अंतर टेपनं मोजा. केंद्राच्या २०१६ च्या सूचनांत घरापासून ५०० मीटर आहे. गुरांची वाट नकाशावर दाखवून कुंपणात फाटक ठेवायला सांगा. आणि आयुष्य संपल्यावर पंखा कोण उतरवणार ते लिहा, त्यासाठी अनामत घ्या. पात्याचा फायबर कुजत नाही, भंगारवालाही उचलत नाही. पठारावर पडलेल्या तुटक्या पात्यावर पोरं घसरगुंडी खेळताना मी बघितली आहेत.

तहकूब ग्रामसभेत हा विषय घेऊ नका. कायद्यानं चालतं, तरी घेऊ नका. सुगीनंतर, यात्रेच्या आदल्या आठवड्यात घ्या, तेव्हा मुंबई-पुण्याची माणसंही गावात असतात. सभेत आपल्यापैकी कुणाचा डंपर, जेसीबी किंवा जमीन या प्रकल्पात आहे हे प्रत्येक सदस्यानं उभं राहून सांगावं आणि ते इतिवृत्तात लिहावं. ग्रामसेवक कुरकुर करेल. त्याला माझं नाव सांगा. म्हणजे नाव मी दिलेलं नाही, पण तो ओळखेल.

सशर्त ठरावाचा मसुदा मी हातानं लिहून ठेवला आहे. दोन पानी आहे. ज्या गावाला हवा त्यांनी ओळखीच्या कुणाहीकडून निरोप द्यावा. माझ्या २००० सालच्या ठरावाची नक्कलही त्याला टाचून देईन. दीड ओळीचीच आहे, झेरॉक्सचा खर्च यायचा नाही.

आपला,
एक निवृत्त ग्रामविकास अधिकारी
जिल्हा सातारा

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. मंत्री, ऊर्जा विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, ग्रामविकास विभाग, महाराष्ट्र राज्य
सर्व गटविकास अधिकारी (त्यांच्याकडून पोच अपेक्षित नाही, सवय आहे)